अठ्ठावीस जणींची स्पर्धा

(कृष्णधवल छायाचित्र: मार्लीन बाउअर)

पंधरा वर्षांची ही मुलगी म्हणजे मार्लीन बाउअर. वडील गोल्फ शिकवायचे, त्यामुळे तिसऱ्या वर्षीच हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी आली. दहाव्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराची ज्युनिअर स्पर्धा तिने जिंकली. मुलांची ज्युनिअर स्पर्धा, बरं का!

1949 साली ती फिलाडेल्फिया कंट्री क्लबवर उतरली, यूएस गर्ल्स ज्युनिअर खेळायला. अमेरिकेतल्या गोल्फचा कारभार यूएसजीए ही संस्था पाहते. या संस्थेने मुलींसाठी भरवलेली ही पहिली राष्ट्रीय स्पर्धा. खेळायला आल्या 28 जणी. आदल्याच वर्षी मुलांची स्पर्धा सुरू झाली होती, तेव्हा अर्ज आले होते 495.

(पडद्यावर दोनच आकडे: 28 आणि 495)

मुलींना खेळात रस नव्हता असं हे आकडे पाहून कुणी म्हणेल. ते खरं का, हे पाहायला जरा मागे जावं लागेल, 1935 मध्ये.

(जुनी फिल्म: गर्दी, टोप्या, लांब स्कर्ट)

मिनियापोलिसजवळचा इंटरलाकन क्लब. महिलांच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेची अंतिम लढत. एका बाजूला ग्लेना कॉलेट व्हेअर. पाच वेळा विजेती, आता दोन मुलांची आई. दुसऱ्या बाजूला पॅटी बर्ग, वय 17, घरच्या मैदानावर खेळणारी. गर्दी बघा. ही सगळी माणसं आपल्या गावच्या पोरीसाठी आलेली. व्हेअर जिंकल्या, सहाव्यांदा. बर्ग हरली, पण सतरा वर्षांची मुलगी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला कुठवर नेऊ शकते ते हजारोंनी डोळ्यांनी पाहिलं. तरीही सतरा वर्षांच्या मुलींसाठी राष्ट्रीय स्पर्धा सुरू व्हायला आणखी 14 वर्षं गेली. ती सुरू झाली तेव्हा करंडकाला नाव मिळालं ग्लेना कॉलेट व्हेअर यांचंच.

(करंडकाचं छायाचित्र)

पहिल्यांदा त्यावर नाव कोरलं गेलं मार्लीनचं. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसने तिला वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवलं. पुढच्या वर्षी 13 जणींनी मिळून व्यावसायिक महिला गोल्फपटूंची संघटना उभी केली, एलपीजीए. तेरा जणींत सगळ्यांत लहान मार्लीन. तिची थोरली बहीण ॲलिस त्यातच, आणि पॅटी बर्गसुद्धा. बर्ग पहिल्या अध्यक्ष झाल्या.

(ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या आखूड हिरवळीवर, दोन मुली. एक पट करते आहे, म्हणजे चेंडू हलकेच खड्ड्याकडे ढकलते आहे, दुसरी बाजूला उभी)

आता खेळाबद्दल थोडं. ऑगस्ट 2021 मध्ये आपल्यातले कितीतरी जण पहाटेचा गजर लावून टीव्हीसमोर बसले होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली. तो होता स्ट्रोक प्ले. चार दिवसांचे सगळे फटके मोजायचे आणि ज्याचे कमी तो वर. गर्ल्स ज्युनिअरमध्ये तो फक्त पहिले दोन दिवस असतो. त्यातून 64 जणी निवडतात आणि तिथून पुढे मॅच प्ले, म्हणजे समोरासमोर. प्रत्येक होल, म्हणजे खड्ड्यापर्यंतचा एकेक टप्पा (फेरीत असे 18), ही वेगळी लढाई. कमी फटक्यांत पोचेल तिचा तो होल. एका होलला तुमचे दहा फटके गेले तरी नुकसान एकाच होलचं. कुणी तीन होलने पुढे आहे आणि खेळायला दोनच उरलेत, की तिथेच हात मिळवायचे. निकाल लिहितात, ‘3 आणि 2’. हरलेली त्याच दिवशी घरी.

कुणी म्हणतं, शाळकरी मुलींना हे जरा क्रूरच. आम्हाला तसं वाटत नाही. समोरची व्यक्ती दिसत असताना खेळायला शिकवणारं दुसरं चांगलं ठिकाण आम्हाला तरी माहीत नाही.

(मिकी राइटचा स्विंग, मंद गतीत)

1952. कॅलिफोर्नियातला मॉन्टेरे पेनिन्सुला क्लब. गर्ल्स ज्युनिअरची अंतिम लढत. सॅन दिएगोची मिकी राइट एका होलने जिंकली. पुढे एलपीजीएच्या 82 स्पर्धा जिंकल्या तिने, त्यांत 13 मेजर, म्हणजे सगळ्यांत मानाच्या स्पर्धा. हा स्विंग पाहताना निवेदकाने गप्प बसावं हे बरं.

(शांतता. स्विंग पूर्ण होऊ द्यावा.)

(रंगीत फिल्म: शिकागो गोल्फ क्लब, 2018)

आणि या आजी? 1956 च्या विजेत्या, जोॲन गंडरसन. लग्नानंतर कार्नर. गर्ल्स ज्युनिअर, महिलांची हौशी स्पर्धा आणि यूएस विमेन्स ओपन या तिन्ही जिंकणाऱ्या त्या एकट्या. 2018 मध्ये ज्येष्ठ महिलांची यूएस ओपन पहिल्यांदा भरली, तेव्हा सुरुवातीचा फटका मारायचा मान त्यांना मिळाला. वय 79. तो मान घेऊन त्या घरी गेल्या नाहीत, पूर्ण फेरी खेळल्या. फटके किती? 79.

इथून थेट 1969 वर येऊ.

(छायाचित्रांची मालिका: हॉलिस स्टेसी)

जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावची हॉलिस स्टेसी. घरात दहा भावंडं, ही चौथी. 1969, 1970, 1971 अशी सलग तीन वर्षं तिने हा करंडक घेतला. त्यातली तिसरी अंतिम लढत झाली ऑगस्टा कंट्री क्लबवर. 18 होलला बरोबरी, एकोणिसाव्याला निकाल.

(हवाई दृश्य: झाडांची रांग, पलीकडे दुसरं मैदान)

झाडांच्या पलीकडे दिसतं ते ऑगस्टा नॅशनल, मास्टर्स या पुरुषांच्या मानाच्या स्पर्धेचं घर. अलीकडे सतरा वर्षांची मुलगी तिसऱ्यांदा राष्ट्रीय विजेती होत होती. पलीकडच्या क्लबाने पहिल्या महिला सभासद घेतल्या 2012 मध्ये. मध्ये 41 वर्षं.

त्या दिवशी स्टेसीकडून हरली ती एमी अल्कॉट. कॅलिफोर्नियातल्या घराच्या हिरवळीत सूपचे रिकामे डबे पुरून, त्यात चेंडू घालत शिकलेली मुलगी. 1973 चा करंडक तिचा.

(फिल्म: तळ्यात उडी)

आणि ही तीच, 1988 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मिशन हिल्स क्लबच्या अठराव्या ग्रीनशेजारी. जिंकल्यावर सरळ तळ्यात. तिथे जिंकणाऱ्यांनी उडी मारायची प्रथा हिच्यापासून पडली.

स्टेसी आणि अल्कॉट यांच्या मध्ये, 1972 ला, एक नाव येतं: नॅन्सी लोपेझ. 1974 ला पुन्हा तेच.

(छायाचित्र: नॅन्सी, वडिलांसोबत)

न्यू मेक्सिकोतलं रॉसवेल गाव. वडील डोमिंगो यांचं गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचं गॅरेज. मेक्सिकन वंशाचं कुटुंब, खेळायला गावचं सार्वजनिक मैदान. घरात नॅन्सीला भांडी घासायला लावत नसत. हे हात गोल्फचे आहेत, असं वडिलांचं म्हणणं. आपल्याकडच्या किती घरांत मुलीच्या हातांबद्दल असं कुणी बोललं असेल, ते ज्याने त्याने आठवावं. शाळेत मुलींचा गोल्फ संघच नव्हता, म्हणून ती मुलांच्या संघातून खेळली.

1972 मध्येच अमेरिकेत ‘टायटल नाइन’ कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करायला बंदी आली, कॉलेजांतून मुलींचे संघ उभे राहिले, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. लोपेझ व्यावसायिक झाली आणि 1978 च्या एका मोसमात नऊ स्पर्धा जिंकली, त्यांतल्या पाच लागोपाठ. विमेन्स ओपन मात्र तिला कधीच मिळाली नाही. 1977 ला ती दुसरी आली. पहिली कोण आली, तर हॉलिस स्टेसी.

(फिल्म: ब्लॅकवुल्फ रन, 6 जुलै 1998)

आता पाय बघा. कोरियाची से री पाक, वय 20. विमेन्स ओपनचा प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायला खेळायची जादा फेरी. त्यातलं अठरावं होल. चेंडू तळ्याच्या काठावर, गवतात अडकलेला. दंडाचा फटका घेऊन चेंडू बाहेर टाकता आला असता. तिने बूट काढले, मोजे काढले. पोटऱ्या उन्हाने रापून तांबूस झालेल्या आणि घोट्याखाली पावलं पांढरीफटक. वर्षानुवर्षं रोज उन्हात उभं राहिल्याशिवाय अशी रेघ पडत नाही. पाण्यात उतरून तिने चेंडू बाहेर काढला, आणि आणखी दोन होल खेळून ओपन जिंकली.

तेव्हा आर्थिक संकटात सापडलेला सगळा कोरिया हे पाहत होता. त्यांत नऊ वर्षांची इनबी पार्क होती. थोड्याच दिवसांत तिने क्लब हातात घेतला, बाराव्या वर्षी अमेरिकेत आली आणि 2002 मध्ये गर्ल्स ज्युनिअर जिंकली. रिओ ऑलिंपिकचं सुवर्णही पुढे तिचंच.

इथून करंडकावरची नावं बदलत गेली. थायलंडची अरिया जुटानुगार्न 2011. ऑस्ट्रेलियाची मिनजी ली 2012. कोरियाची सुंग उन-जोंग 2015 आणि 2016, त्यातही 2016 ला तिने महिलांची हौशी स्पर्धासुद्धा जिंकली. वयाची अट आता 19 वर्षांखाली. खर्च वाढला, प्रशिक्षक आले, घरं सोडून मुली दुसऱ्या देशात राहू लागल्या, तोही या गोष्टीचा भाग आहे.

(रंगीत दृश्यं: एल कॅबायेरो, कॅलिफोर्निया, 2024)

जुलै 2024, गर्ल्स ज्युनिअर. फिलिपिन्सची रिॲन मलिक्सी आणि अमेरिकेची ॲस्टेरिस्क टॅली. अंतिम लढत आता 36 होलची असते. मलिक्सी जिंकली ‘8 आणि 7’ ने, म्हणजे सात होल बाकी असतानाच आठने पुढे. एकतर्फी.

(दृश्य: सदर्न हिल्स, तल्सा)

तीन आठवड्यांनी महिलांच्या हौशी स्पर्धेची अंतिम लढत. पुन्हा मलिक्सी, पुन्हा टॅली. मलिक्सी 17 वर्षांची, टॅली 15 ची, मार्लीनच्या वयाची. या वेळी टॅलीने तिला पस्तिसाव्या होलपर्यंत जवळजवळ नेलंच. चौतिसाव्याला खेळ संपला, ‘3 आणि 2’. बक्षीस समारंभाचं चित्रण पुढे आहे, ते आवाजाशिवाय दाखवतो.

(बक्षीस समारंभ. श्रेयनामावली.)