'दीर्घकाळ' म्हणजे किती तास?

मित्रांनो, मी एका मोठ्या संरक्षण कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. काय लिहितो ते इथे सांगता येणार नाही, पण कसं लिहावं लागतं ते सांगतो. नोकरीतल्या पहिल्याच रिव्ह्यूला मी लिहून दिलं होतं, 'यंत्रणा दीर्घकाळ सुरू राहिल्यास टायमर रीसेट करावा.' आमच्या सीनियर मॅडमनी 'दीर्घकाळ'भोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'किती तास?' मला रागच आला. टेस्ट सगळ्या पास, आणि एका शब्दापायी कागद परत! जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला धाहरानची हकिगत सांगितली.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध चालू होतं. सौदी अरेबियातल्या धाहरानला अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर इराकचं स्कड क्षेपणास्त्र पडलं आणि २८ सैनिक गेले. येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी पॅट्रियट यंत्रणा पहाऱ्यावर होती, सुरूही होती. तिनं प्रतिकाराला क्षेपणास्त्र सोडलंच नाही.

तिचा संगणक सेकंदाचे दहावे भाग मोजायचा आणि त्या आकड्याला ०.१ नं गुणून सेकंद काढायचा. आपल्याला ०.१ किती सोपा वाटतो! पण बायनरीत, म्हणजे संगणकाच्या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत, तो संपतच नाही. आकडा ठेवायचं रजिस्टर २४ बिटांचं, म्हणजे असे २४ अंक मावतील एवढंच, त्यामुळे उरलेली शेपटी छाटली जायची. मशीन जितका वेळ सुरू, तितकी चूक मोठी. १०० तासांनंतर ती ०.३४ सेकंद झाली होती. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. रडारनं ते चुकीच्या जागी शोधलं, तिथे काही दिसलं नाही, म्हणून सोडून दिलं.

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. ही चूक माहीत होती. आठ तास सलग चालवलं तरी फरक पडतो, हे इस्रायलकडून ११ फेब्रुवारीलाच कळलं होतं. १६ तारखेला दुरुस्त सॉफ्टवेअर निघालं. २१ तारखेला तुकड्यांना इशारा गेला, की फार वेळ सलग चालवल्यास अडचण येईल. फार वेळ म्हणजे किती, ते त्यात नव्हतं. इतका वेळ कोणी चालवणारच नाही, असं पाठवणाऱ्यांनी धरलं होतं. मूळ कल्पनाच अशी, की पॅट्रियट काही तास एका जागी राहणार आणि मग हलणार. बंद करून सुरू केलं असतं तर घड्याळ शून्यावर आलं असतं. त्याला दीड मिनिटसुद्धा लागत नाही. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला.

मी कागद परत घेतला. आकडा टेबलाशी बसून सापडेना, म्हणून आमची यंत्रणा वापरणाऱ्या तुकडीत जाऊन विचारलं. तिथले हवालदार म्हणाले, "साहेब, बंद कशाला करायची? सोमवारी लावली की शनिवारपर्यंत चालूच असते."

मी चोवीस तास धरून चाललो होतो. टायमरचा तो भाग मुळापासून पुन्हा लिहिला.