कठड्यातलं शिसं

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलवर, उंचावर एक दगडी कठडा आहे. त्याचे दगड वर चढवताना त्यांना भोकं पाडली होती. काम उरकल्यावर, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, त्या भोकांत शिसं ओतून ती दगडाच्या पातळीला सपाट केली. कारागिरांच्या लेखी विषय संपला. पाऊस मात्र पडत राहिला. दगड झिजला, शिसं झिजेना. १९८०च्या दशकात पाहिलं तर शिशाच्या त्या गुंड्या दगडावर सुमारे दोन सेंटिमीटर उभ्या होत्या! तेवढा दगड पावसाबरोबर गेला होता.

हा इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा चुनखडीचा दगड. जवळजवळ पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार, उथळ समुद्रात साचलेला. भिंतीवरून हात फिरवलात तर मध्येच काहीतरी खरखरीत लागतं. ती कालवांची शिंपली. भोवतालचा दगड आधी झिजतो, म्हणून तीही शिशासारखीच वर आलेली असतात.

पावसाचं पाणी मुळात थोडं आम्लच असतं. त्यात कोळशाच्या धुरातला गंधक मिसळला, की चुनखडीचं जिप्सम होतं. जिप्सम पाण्यात सहज विरघळतं. म्हणून जिथं पावसाचा मारा, तिथं दगड पांढरा. आणि छज्ज्याखाली, जिथं पाणी पोचत नाही, तिथं तेच जिप्सम काजळी धरून काळी खपली होऊन बसतं. आपण पांढरा भाग ‘चांगला राहिलेला’ समजतो. खरं तर सतत धुपतोय तो पांढराच. काळ्या खपलीखालीही दगड पोखरतो, पुढे ती खपली दगडासकट सुटते, त्यामुळे सफाई लागतेच. तरी इमारती घासून लखलखीत करण्याची घाई मला पटत नाही. शंभर वर्षांच्या चुलींचा आणि गिरण्यांचा धूर तिथं जमा असतो. एका दुपारी तो गटारात जातो.

कॅथीड्रलच्या समोर, थेम्सपलीकडे, बँकसाइडचं वीजकेंद्र होतं. ते १९८१ साली बंद झालं. शहराच्या हवेतला गंधकही घटत गेला, आणि मोजमापात कठड्याची झीज मंदावलेली दिसली. त्या वीजकेंद्रात आता कलादालन आहे.

आणि हो, भिंत उभी राहिली की कुठंतरी खड्डा पडलेलाच असतो. पॅरिसनं तर आपला दगड आपल्याच पायाखालून काढला. १७७४ साली रस्ता खचला, तेव्हा कुठं जाग आली. १७७७ साली खाणींच्या देखरेखीसाठी खास खातं नेमलं गेलं. ते आजही काम करतं.

तुम्हाला हे स्वतः करून बघायचं असेल, तर शिशाची अक्षरं बसवलेली संगमरवरी थडगी शोधा. अक्षरं बसवली तेव्हा ती दगडाच्या पातळीतच होती. आता त्यांवरून बोट फिरवा. कडा बोटाला लागली, तर पट्टी लावून उंची मोजा, आणि मग थडग्यावरचा सन वाचा.

नमस्कार.