काउंट बेसीच्या बँडच्या पहिल्या तबकड्या

मित्रहो, स्विंगचा काळ, म्हणजे अमेरिकेत नाचासाठी वाजणाऱ्या जॅझचा जमाना, म्हटलं की आधी बेनी गुडमन आठवतो, नाहीतर ड्यूक एलिंग्टन. बँडप्रमुख म्हणून दोघंही थोरच. पण बँडची लय कुणी आणि कशी वाहायची, हे ज्या तबकड्यांनी बदलून टाकलं त्या काउंट बेसीच्या १९३६ आणि १९३७ सालच्या, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज फक्त त्यांच्याबद्दल बोलतो.

बेसी मूळचा न्यू जर्सीतल्या रेड बँकचा. एका फिरत्या कंपनीबरोबर पियानो वाजवत तो कॅन्सस सिटीत आला, कंपनी मोडली आणि तो तिथेच राहिला. टॉम पेंडरगास्ट या तिथल्या बड्या राजकीय पुढाऱ्याच्या आशीर्वादानं त्या शहरातले क्लब दारूबंदीतही रात्रभर उघडे असत. वादकांना काम मिळे आणि काम संपल्यावर एकमेकांना आव्हान देत पहाटेपर्यंत वाजवायला जागाही मिळे. बेसी तिथल्या बेनी मोटेनच्या बँडमध्ये गेला. ‘मोटेन स्विंग’ ही त्या बँडची १९३२ च्या डिसेंबरातली तबकडी ऐकलीत, तर पुढे काय येणार याची चाहूल लागते. मोटेन १९३५ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर वारला आणि बेसीनं त्यातल्या काही जणांना घेऊन रेनो क्लबमध्ये छोटा बँड उभा केला.

रेनो क्लबचा कार्यक्रम रात्री रेडिओवर लागायचा. १९३६ च्या सुरुवातीला शिकागोत, स्वतःच्या मोटारीतल्या रेडिओवर, तबकड्यांचा निर्माता जॉन हॅमंड यानं तो ऐकला. हॅमंड कानाचा पक्का माणूस. त्यानं बँडची वाट मोकळी करायला घेतली, पण करार घेऊन डेक्का ही तबकड्यांची कंपनी आधी पोचली. २४ बाजू (तबकडीच्या एका बाजूला एक गाणं), त्यांचे ७५० डॉलर आणि रॉयल्टी शून्य. बेसीनं सही केली. पुढे हे गाजलेलं संगीत वर्षानुवर्षं विकलं गेलं, आणि या कराराचा मला आजही संताप येतो.

डेक्काच्या ध्वनिमुद्रणाआधीच हॅमंडनं शिकागोत व्होकॅलियन या दुसऱ्या कंपनीसाठी चार बाजू उरकून घेतल्या. बेसीचं नाव वापरता येत नव्हतं, म्हणून ड्रमवादक जो जोन्स आणि ट्रम्पेटवादक कार्ल स्मिथ यांच्या आडनावांवरून ‘जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड’ असं नाव छापलं. वादक अवघे पाच, शिवाय दोन गाण्यांना जिमी रशिंगचा आवाज. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन इथे पहिल्यांदा मेणावर उतरला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. ‘शू शाइन बॉय’मध्ये तो सलग ६४ मात्राखंड (चार मात्रांचा एक) वाजवतो, आणि त्यात चाचपडणं कुठेच नाही. त्या काळी टेनर सॅक्सोफोन म्हणजे कोलमन हॉकिन्सचा भरदार, घुमणारा सूर. लेस्टरचा सूर हलका, कंप जवळजवळ नसलेला, आणि वाक्य कुठे संपवायचं हे तो स्वतः ठरवतो, मात्राखंडाच्या रेषेवर सोडत नाही.

पण त्याच्या पाठीमागे काय चाललंय, तिकडे कान द्या. पायाच्या मोठ्या ड्रमचा दणका नाही. जो जोन्सनं लय हाय-हॅटवर, म्हणजे पायानं उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर नेऊन ठेवली आहे. वॉल्टर पेज बासवर चारही मात्रा सारख्या वजनानं चालवतो. डाव्या हाताचं काम बासनं उचलल्यामुळे बेसीला भरगच्च वाजवायची गरज उरत नाही. दोन-तीन सूर टाकतो, थांबतो. १९३७ च्या वसंतात गिटारवर फ्रेडी ग्रीन आला आणि हा लयविभाग पूर्ण झाला.

त्याच वर्षीच्या ७ जुलैचं ‘वन ओक्लॉक जंप’ घ्या. कागदावर आधी काही नव्हतं. बारा मात्राखंडांचा ब्लूज आणि वादकांच्या डोक्यात साठलेल्या, क्लबमध्ये रोज घासूनपुसून झालेल्या छोट्या धून. बेसी पियानोवर सुरू करतो, मग पट्टी बदलते आणि हर्शेल इव्हान्सचा दाट टेनर येतो. त्याच्यानंतर ट्रॉम्बोन, मग लेस्टर, आणि तो काय करतो? एकच सूर बोटं बदलून पुन्हा पुन्हा वाजवतो, सूर तोच पण रंग वेगळा. पुढे बक क्लेटनचा ट्रम्पेट, मग फक्त लयविभाग, आणि शेवटी ब्रास (ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन) आणि सॅक्सोफोन एकमेकांवर धून रचत जातात. हे सगळं तबकडीच्या तीन मिनिटांत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकणाऱ्यांना ती तीन मिनिटं काय असतात ते सांगायला नको. क्लबमध्ये हीच चीज नाचणारे थकेपर्यंत लांबत असे.

त्या वर्षी बिली हॉलिडे या बँडबरोबर गात होती. तिचा करार एका कंपनीशी, बेसीचा दुसरीशी, म्हणून स्टुडिओत दोघं एकत्र आलीच नाहीत. रेडिओवरून टिपलेली तीन गाणी तेवढी उरली. रेडिओनं आणखीही वाचवलं आहे. बिल सॅव्होरी हा ध्वनितंत्रज्ञ त्या काळातलं प्रसारण मोठ्या तबकड्यांवर उतरवून ठेवत असे. २०१० मध्ये तो साठा न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या जॅझ संग्रहालयाकडे आला. त्यात बेसीचा बँड आहे, लेस्टरसकट, आणि तिथे त्यांना तीन मिनिटांची घाई नाही. स्टुडिओतल्या तबकड्या आधी ऐका, मग या साठ्यातल्या. लेस्टर एका आवर्तनावर थांबत नाही, पुढचं घेतो, आणि जो जोन्स त्याला जागा देत राहतो.