दोन्ही हातांची बोटं, ३० सेकंद

बीपी तपासायला आलेल्या या आजींच्या हातात नर्सने एक छोटीशी पट्टी दिलीय. दोन्ही हातांची बोटं तिच्यावर टेकवायची आणि ३० सेकंद हलायचं नाही, बोलायचंही नाही, बास. मोबाईलवर ईसीजीची, म्हणजे हृदयातल्या विजेच्या आलेखाची, रेघ सरकायला लागते.

शंभरेक वर्षांपूर्वी ईसीजीचे जनक आइंथोवेन ईसीजी काढायचे तेव्हा पेशंट मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हात बुडवून बसायचा. उजवा हात आणि डावा हात, हीच जोडी आज या पट्टीत आहे, तिला लीड वन म्हणतात; लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एक बाजू.

शोधतोय काय, तर एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टर लोक नुसतं एएफ म्हणतात. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून थरथरत राहतात, रक्त तिथं साचतं, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की स्ट्रोक. धोका साधारण ५ पट, आणि कित्येकांना आधी काहीच जाणवत नाही हो, ना धडधड, ना दम, पहिलं लक्षण थेट लकवा! वेळेत कळलं तर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या आहेत, म्हणून ही धडपड.

रेघेत बघायचं ते दोन ठोक्यांमधलं अंतर, एएफमध्ये ते दर वेळी वेगळं येतं आणि मोठ्या लाटेआधीची छोटी पी लाट दिसतच नाही. मशीन लगेच 'एएफची शक्यता' म्हणून मोकळं होतं, पण हात थरथरला, बोटं कोरडी असली किंवा मध्येच जादा ठोके पडले तर ते फसतं, म्हणून डॉक्टरांनी स्वतः रेघ वाचायलाच हवी.

आणि नॉर्मल आलं म्हणजे सुटलो असं समजू नका, एएफ येतं-जातं. वेल्समधल्या रिहर्स-एएफ अभ्यासात ६५च्या वरच्या, स्ट्रोकची जोखीम असलेल्या लोकांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा घरीच रेघ काढली, तर त्यांच्यात १९ जणांना एएफ सापडलं, नेहमीची तपासणी असलेल्या तेवढ्याच मोठ्या गटात फक्त ५. उलट अमेरिकेतल्या व्हायटल-एएफ अभ्यासात दवाखान्यात आल्यावरच तपासलं, तिथं एएफ सापडण्यात एकूणात फारसा फरक पडला नाही. मला तर यातलं दुसरंच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पट्टी घेऊन ठेवली की काम झालं असं वाटणाऱ्यांनी ते ऐकायला हवं.

आजींची रेघ वेडीवाकडी आलीय. डॉक्टर काही बोलत नाहीत, मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी बघतात, आणि १२ लीडचा, म्हणजे हृदय बारा बाजूंनी बघणारा, पूर्ण ईसीजी आजच काढायला सांगतात.