रूप बदलणारी दीर्घिका-केंद्रं

[दृश्य: गणेशखिंड, विद्यापीठाचा परिसर, आयुकाच्या काळ्या दगडी भिंती]

जयंत नारळीकरांनी १९८८ पासून पुण्यात उभी केलेली ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था, आयुका. इथल्या अभ्यासाचा एक आवडता विषय म्हणजे सक्रिय दीर्घिका-केंद्रं. मधोमध लाखो, कधी अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर. भोवती वायूची तापलेली तबकडी. आत ओढला जाणारा वायू इतका तेजाळतो, की कधी अख्खी दीर्घिका त्यापुढे फिकी पडते.

[दृश्य: दोन वर्णपट, शेजारी शेजारी]

काही केंद्रांच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशात, हायड्रोजनच्या रेषा रुंद पसरलेल्या असतात, कारण कृष्णविवराजवळचे ढग सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं फिरतात. काहींत नुसत्या अरुंद रेषा. हा फरक का, याचं उत्तर सुरेख होतं. केंद्राभोवती मेदूवड्यासारखं धुळीचं जाड कडं आहे. वरून पाहिलं तर आतले ढग दिसतात, कडेनं पाहिलं तर झाकले जातात. फरक फक्त बघण्याच्या कोनाचा. आणि कोन काही माणसाच्या आयुष्यात बदलत नाही.

मार्केरियन १०१८ मात्र बदलली. साठेक कोटी प्रकाशवर्षं दूरची दीर्घिका. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिच्यात रुंद रेषा जेमतेम होत्या. १९८४ पर्यंत त्या ठळक झाल्या, तीसेक वर्षं टिकल्या, आणि २०१५ मध्ये पाहिलं तर पुन्हा मावळलेल्या!

पहिला संशय धुळीवर. एनजीसी १३६५ या दीर्घिकेत ढग खरोखरच क्ष-किरणांच्या वाटेत येतात आणि काही दिवसांत, कधी तासांत, बाजूला होतात. पण चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीनं मार्केरियन १०१८ तपासली, तर वाटेत ढगाचा मागमूस नाही. क्ष-किरण मुळातच घटले होते. वायूचा ओघ आटला, तबकडी मंदावली, आणि तिच्या अतिनील प्रकाशावर उजळणारे ढगही विझले.

खरं कोडं इथून पुढे आहे, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. तबकडीतला वायू अगदी सावकाश आत सरकतो. रूढ गणितानं असा बदल व्हायला हजारो वर्षं लागावीत. १ईएस १९२७+६५४ या केंद्रात तो महिन्यांत झाला. २०१७ च्या अखेरीस तेज उसळलं, मागोमाग रुंद रेषा उगवल्या, आणि २०१८ मध्ये कोरोना, म्हणजे कृष्णविवराजवळचा क्ष-किरण देणारा अतितप्त वायू, जवळजवळ नाहीसा होऊन पुन्हा उभा राहिला. एखादा तारा फाटून तबकडीवर कोसळला, की चुंबकीय क्षेत्र उलटं झालं? वाद मिटलेला नाही. जुन्या गणितात चुंबकीय क्षेत्राला फार कमी जागा मिळाली, असं मला वाटतं.

[दृश्य: अ‍ॅस्ट्रोसॅट, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत]

तबकडी दिसते अतिनील प्रकाशात, कोरोना क्ष-किरणांत. २०१५ साली झेपावलेला आपला अ‍ॅस्ट्रोसॅट दोन्ही एकाच वेळी टिपण्यासाठीच बांधला गेला, आणि त्याच्या निरीक्षणांसाठी संशोधकांना मदत करणारा कक्ष आयुकातच आहे. एखादं केंद्र बदलू लागलं, की या नोंदी लगेच घ्याव्या लागतात. वर्षभर उशीर झाला, तर आधी तबकडी बदलली की कोरोना, हे सांगता येत नाही.