वहीतले वजन

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी १९९२ मध्ये शारीरिक शिक्षण संचालक म्हणून रुजू झालो आणि ३१ वर्षांनी तिथूनच निवृत्त झालो. नेमणुकीच्या पत्रात बांबू उडीचा, म्हणजे पोल व्हॉल्टचा, उल्लेखही नव्हता. आपल्याकडे महाविद्यालयात या एका प्रकारासाठी वेगळा प्रशिक्षक नेमण्याची रीत नाही. कबड्डी आणि खो-खोचे संघ, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे प्रवेश अर्ज, १७ सप्टेंबरचे ध्वजवंदन हे सगळे उरकल्यावर जो वेळ हाती लागतो, त्यातच हे शिकवावे लागते. तरीही माझ्या नोकरीतले खरे काम कोणते, असे कोणी विचारले तर मी बांबू उडीचेच नाव घेईन.

आपल्या भागात जिद्दीच्या धावपटूंची वाण नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचे, सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आमच्या मैदानावर दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीपेक्षा जास्त मुले धावायला आली होती. धावण्याची सुरुवात गावाबाहेरच्या रस्त्यावर एकट्याने करता येते. बांबू उडीत मात्र एकलव्य होता येत नाही. तिला निदान ४० मीटरची धावपट्टी लागते, पोल टेकवण्यासाठी जमिनीत बसवलेला उतरता खोका लागतो, ओलांडायच्या आडव्या दांडीसाठी दोन स्टँड लागतात, पडायला जाड गादी लागते, वेगवेगळ्या वजनांचे पोल लागतात, आणि यातले काय कोणाला कधी द्यायचे हे ठरवणारा माणूस तिथे रोज उभा असावा लागतो. २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ६.३० मीटर उडी मारणारे स्वीडनचे आर्मंड डुप्लांटिस लहानपणी अमेरिकेतल्या लाफायेत गावी घराच्या अंगणात शिकले, हे खरे आहे. पण त्या अंगणात धावपट्टी आणि गादी होती, आणि ५.८० मीटर उडी मारलेले वडील होते. आपल्याकडेही हाच अनुभव आहे. २०१४ मध्ये ४.१५ मीटरचा महिलांचा राष्ट्रीय विक्रम करणाऱ्या सुरेखा, २०२२ मध्ये ४.२० मीटर गाठणाऱ्या रोझी मीना आणि त्याच वर्षी पुरुषांत ५.३१ मीटर ओलांडणारे शिवा हे तिघेही तमिळनाडूचे आहेत. जिथे गादी टिकते आणि शिकवणारा टिकतो, तिथे एकामागून एक खेळाडू उभे राहतात, असे मला यातून दिसते.

आमच्याकडे सुरुवातीला यातले काहीच नव्हते. बुरूड आळीतून निवडून आणलेले दोन बांबू, लांब उडीचा वाळूचा खड्डा आणि शिवणकाम करणाऱ्यांकडून मागून आणलेल्या चिंध्यांनी भरलेली पोती एवढ्यावर आम्ही पहिली तीन वर्षे काढली. बांबूला हसण्याचे कारण नाही; अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅम यांनी १९४० मध्ये १५ फुटांची उंची प्रथम ओलांडली ती बांबूच्याच पोलवर. पण बांबू फारसा वाकत नाही, आणि आजच्या उडीचा सगळा जीव वाकण्यात आहे. त्यामुळे वाळूत आम्ही फक्त धावणे, पोल टेकवणे आणि लोंबकळत पुढे जाणे एवढेच शिकवत होतो. नंतर विद्यापीठाच्या अनुदानातून फायबरचे चार पोल आले, ते आले त्या दिवशी मी मुलांना हात लावू दिला नाही. आधी स्वतः रात्रभर त्यांच्यावरचे आकडे वाचत बसलो.

तो आकडा नीट समजावून सांगितला पाहिजे. प्रत्येक पोलवर त्याची लांबी आणि तो किती किलो वजनाच्या खेळाडूसाठी बनवला आहे हे लिहिलेले असते. धावण्यातला वेग पोल वाकवतो आणि सरळ होताना पोल तो खेळाडूला उंचीच्या रूपाने परत देतो. सेकंदाला ८ मीटर वेगाने येणाऱ्या मुलाचा सगळा वेग उंचीत उतरला, तर त्याच्या शरीराचा मध्यबिंदू सुमारे सव्वातीन मीटर वर जातो. तो मध्यबिंदू मुळातच जमिनीपासून मीटरभर वर असल्याने हिशेब सव्वाचार मीटरपर्यंत पोहोचतो. वेग अर्ध्या मीटरने वाढला तर उंचीत ४० सेंटीमीटरची भर पडते. म्हणूनच बांबू उडीचा प्रशिक्षक वर दांडीकडे कमी आणि धावपट्टीच्या कडेला केलेल्या खुणेकडे जास्त पाहतो. उडीच्या सहा पावले आधी पाय कुठे पडला हे दिसले, की पुढे काय होणार ते बहुतेक वेळा कळून चुकते.

मात्र पोल मुलाच्या वजनापेक्षा हलका असेल तर हा सगळा हिशेब फसतो, आणि तसा तो माझ्या हातून एकदा फसला आहे. नोकरीच्या सहाव्या वर्षी ५८ किलोच्या एका मुलाला मी ५५ किलोचा पोल दिला. वरचा पोल त्याला वाकत नव्हता, स्पर्धा चार दिवसांवर आली होती, आणि तीन किलोंनी काय होते असे मी मनाशी म्हटले. तिसऱ्या उडीला पोल मध्यावर मोडला. मुलगा गादीवर न पडता खोक्याच्या कडेला पडला आणि त्याचे मनगट दुखावले. हाड मोडले नाही; पण त्या मुलाने पुन्हा पोल हाती घेतला नाही, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला कधीच वाटला नाही. त्या आठवड्यात मी एक वही घातली. दर सोमवारी सकाळी प्रत्येकाचे वजन, हाताची पकड पोलवर किती उंचीवर आहे, पावले किती, खूण कुठे, आणि कोणता पोल वापरला, हे त्या वहीत लिहायचे. निवृत्तीपर्यंत एकही सोमवार रिकामा गेला नाही.

मल्लखांबाबद्दल थोडे सांगतो, कारण हा आपल्या घरचा ठेवा आहे. पोल व्हॉल्टमध्ये उडी घेतल्यावर खेळाडूला पाय डोक्याच्या वर नेऊन क्षणभर उलटे टांगून राहावे लागते, आणि बहुतेक मुले तिथेच घाबरून हात आखडतात. दोरीच्या मल्लखांबावर वाढलेल्या मुलाला उलटे होण्याची भीती नसते. हातांच्या बळावर कंबर वर उचलण्याची सवय त्याच्या अंगात आधीच असते. रशियाच्या येलेना इसिनबायेवा पंधराव्या वर्षापर्यंत जिम्नॅस्टिक्स करत होत्या, उंची वाढल्याने त्या पोल व्हॉल्टकडे वळल्या आणि पुढे २००९ मध्ये ५.०६ मीटरपर्यंत पोहोचल्या. आपल्या तालुक्यांतल्या मल्लखांबाच्या वर्गांतून उंच म्हणून मागे पडणारी मुले बांबू उडीकडे पाठवली जावीत, असे मी अनेक बैठकांत सांगितले आहे आणि आजही सांगतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या स्पर्धांत मुलींसाठी हा प्रकारच नव्हता. पुरुषांची बांबू उडी १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकपासून आहे; महिलांना ती २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये मिळाली. त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडे एक मुलगी आली. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली टोळी पश्चिम महाराष्ट्राकडे निघते, ती पाडव्याच्या आसपास परतते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत विद्यापीठांच्या स्पर्धा असतात. मुलगी सोबत नसेल तर कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, भाकरी कोण करणार आणि धाकट्याला कोण सांभाळणार, हा तिच्या वडिलांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या घरी चार वेळा गेलो. पदकाचे बोलणे मी काढले नाही, कारण ते देणे माझ्या हातात नव्हते. वसतिगृहात दोन वेळचे जेवण मिळेल आणि परीक्षा बुडणार नाही, एवढेच बोललो. चौथ्या खेपेला तिच्या आजीने धाकट्याला आपल्याकडे ठेवून घेतले आणि वडील म्हणाले, “सर, यंदाच्या साली ऱ्हाऊ द्या तिला. पुढचं पुढं बघू.”

त्या हिवाळ्यात सोमवारची वही भराभर बदलत गेली. ऑक्टोबरमध्ये ४४ किलो असलेली मुलगी जानेवारीत ४८ किलोंची झाली. तिच्या अंगावर पहिल्यांदाच त्या महिन्यांत मांस चढले होते, आणि ४५ चा पोल बाजूला ठेवून ५० चा काढताना मला जो आनंद झाला तो तिच्या पुढच्या २.८० मीटरच्या उडीनेही झाला नाही.

पोलच्या प्रवासाबद्दल मी थोडक्यातच सांगेन. चार मीटरचा पोल घडी होत नाही. पूर्वी एसटीच्या टपावर गोणपाटात गुंडाळून दोरीने बांधत होतो, आणि वाहक ओळखीचे झाल्यावर तेच गाठ तपासून पाहत. पुढे टप गेले आणि आम्ही उधारीवर टेम्पो करू लागलो.

ती मुलगी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात क्रीडा शिक्षिका आहे. निवृत्त होताना मी वही तिच्याकडे दिली, आणि महाविद्यालयाने निर्लेखित केलेले तीन पोल रीतसर अर्ज करून तिच्या कनिष्ठ महाविद्यालयाने नेले. तिच्याकडे अजून वजनकाटा नाही. सोमवारी सकाळी ती मुलींना शेजारच्या आडत दुकानातल्या धान्याच्या काट्यावर उभे करते. मागच्या सोमवारी रात्री तिचा फोन आला. एका मुलीचे वजन ५१ किलो भरले होते आणि स्पर्धा आठ दिवसांवर होती. ५५ चा पोल अजून तिला वाकत नाही, असे ती म्हणाली. मी काही बोलण्याआधीच तिने सांगितले, “सर, पन्नासचा मी भिंतीवर टांगून ठेवला. यंदा ती छोट्या धावेने आणि खालच्या पकडीने उतरेल.”