काडी, बुडबुडा आणि अंतराळ

नमस्कार श्रोतेहो.

पन्नाशी ओलांडलेल्यांनी जरा आपला दंड चाचपून पाहा. बहुतेकांना देवीच्या लसीचा व्रण हाताला लागेल. आमच्या लहानपणी भिंतीभिंतींवर रंगवलेलं असायचं, 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा'. परळच्या आमच्या चाळीतली पोरं असा रोगी शोधत हिंडायची. सापडला नाही, हजार रुपये बुडाले! निसर्गातून देवी झालेला जगातला शेवटचा रोगी १९७७ साली सोमालियात सापडला.

त्यानंतरच्याच वर्षी अमेरिकेत, पुढे अंतराळवीर झालेल्या केट रुबिन्स यांचा जन्म झाला. सातवीत असताना अंतराळ शिबिराला जायचं म्हणून घरातली कामं करून त्यांनी पैसे जमवले. पण पुढे शिकल्या त्या रेणवीय जीवशास्त्र. स्टॅनफर्डला डॉक्टरेट करताना गाठ पडली ती देवीच्याच विषाणूशी. मग स्वतःचा चौदा जणांचा गट, आणि मंकीपॉक्ससाठी काँगोच्या वाऱ्या. हा मंकीपॉक्स देवीचा चुलतभाऊ. देवीची लस त्यालाही बऱ्यापैकी अडवते. देवी गेली, लस थांबली आणि दंडावर व्रण नसलेली पिढी या चुलतभावाला मोकळी सापडली.

२००९ साली नासाने साडेतीन हजारांहून जास्त अर्जांतून नऊ जण निवडले, त्यात रुबिन्सबाई होत्या. लोक म्हणतात, केवढी उडी! मला नाही तसं वाटत. मी स्वतः प्रयोगशाळेत हयात घालवली आहे. घातक विषाणूंच्या प्रयोगशाळेत हवा भरलेला पोशाख चढवून, जाड हातमोज्यांतून बारीक काम करायचं, घाई करायची नाही, चुकलं तर बाजूच्याला लगेच सांगायचं. काँगोतल्या गावी काही बिघडलं तर दुरुस्तीला बाहेरून कोणी येत नाही. अंतराळ स्थानकावर याहून वेगळं काय असतं? रशियन शिकणं, जेट विमानात बसणं, प्रचंड तलावात बुडून स्पेसवॉकचा सराव करणं, हे सगळं नवीन खरं. पण ते शिकवता येतं.

जुलै २०१६ मध्ये कझाकस्तानातल्या बैकानूर तळावरून सोयूझ या रशियन यानाने त्या अंतराळ स्थानकावर गेल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी अंतराळात पहिल्यांदाच डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम वाचला. यंत्र तळहातावर मावेल एवढं. प्रथिनाच्या सूक्ष्म छिद्रातून डीएनएचा धागा सरकतो, विजेचा प्रवाह कमीजास्त होतो आणि त्यावरून अक्षरं ओळखायची. नमुने होते उंदराचे, जिवाणूचे आणि विषाणूचे.

आता गंमत ऐका. पिपेटमध्ये, म्हणजे द्रव मोजून घ्यायच्या नळीत, बुडबुडा अडकला की आम्ही काय करायचो? टिचकी मारायची, तो आपोआप वर जातो. पण तिथे 'वर' म्हणजे कुठे? बुडबुडा असेल तिथेच ठाण मांडून बसतो, आणि त्या छिद्रांपाशी हवा शिरली तर वाचन संपलं. एवढ्या मोठ्या मोहिमेत धास्ती कशाची, तर बुडबुड्याची! हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. वाचन मात्र नीट पार पडलं.

दुसरं उड्डाण १४ ऑक्टोबर २०२० ला, नेमकं बाईंच्या वाढदिवशी. ते दिवस आठवा. लोकल सर्वांसाठी सुरू झाली नव्हती, दादरचे फलाट ओस. विषाणूंची अभ्यासक ऐन साथीत पृथ्वी सोडून निघाली होती. तिथे पोचल्यावर त्यांनी एका प्रयोगासाठी स्थानकाच्या भिंती, कोपरे, कठडे अशा शेकडो जागांवरून काड्या फिरवून जंतूंचे नमुने गोळा केले. आणि त्याच महिन्यांत आपण इथे, मास्क खाली ओढून, नाकात काडी घालून घ्यायला रांगेत उभे होतो.